संमेलनाच्या दाराशी

वसंत ऋतू हा आपल्याकडे व्याख्यानांचा ऋतू. परीक्षा आटोपलेल्या असतात, दिवसभर उन्हाने माणसे घरात कोंडलेली असतात, आणि संध्याकाळी वारा सुटला म्हणजे पटांगणात येऊन चार शब्द ऐकावेत असे लहानथोरांना वाटू लागते. पुण्यात माधवराव रानडे यांनी १८७५ साली ही प्रथा घातली, आणि पुढे गावोगावच्या मंडळींनी ती उचलली. आजचा आमचा विषयही असाच चारचौघांनी एकत्र जमण्याचा आहे. फरक इतकाच की येथे ऐकणारे जमतात आणि आम्ही ज्याविषयी बोलणार आहोत तेथे लिहिणारे जमतात. लिहू पाहणारा नवखा माणूस लेखकांच्या मेळाव्यात प्रथमच पाऊल टाकतो तेव्हा त्याला तेथे काय मिळते, आणि ज्याला पाऊल टाकताच येत नाही त्याचे काय होते, हा आजचा प्रश्न.

हा प्रश्न आम्हांला सुचला तो अनुभवातून. आम्ही प्रथम साहित्यसंमेलनाला गेलो तेव्हा पिशवीत एक वही होती. तीन दिवस ती वही पिशवीतच राहिली. व्यासपीठावरची मंडळी दूर होती, शेजारी बसलेल्या गृहस्थाच्या पिशवीतही तशीच एक वही होती, आणि आम्ही दोघेही एकमेकांना ती दाखवण्यास लाजत होतो. परतीच्या गाडीत मात्र आम्ही त्या वह्यांची अदलाबदल केली आणि पहाटेपर्यंत वाचत बसलो. संमेलनाचा खरा लाभ आम्हांला मांडवात न मिळता गाडीत मिळाला. तेव्हापासून जुन्या संमेलनांच्या हकीकती वाचताना आमची नजर अध्यक्षांच्या खुर्चीकडे आधी जात नाही; ती दाराकडे जाते. कोण आत आला, कोण बाहेर राहिला, हे पाहण्याची खोड लागली आहे.

तेव्हा प्रथम ते दार कसे उभे राहिले ते पाहू.

७ फेब्रुवारी १८७८ च्या 'ज्ञानप्रकाशा'त रानडे आणि लोकहितवादी गोपाळराव देशमुख या दोघांनी ग्रंथकारांना एक आवाहन केले. मराठीत लिहिणाऱ्यांनी एकदा एकत्र बसावे आणि ग्रंथप्रसाराला चालना कशी मिळेल याचा विचार करावा, असा त्याचा आशय. त्याप्रमाणे ११ मे १८७८ रोजी पुण्यास हिराबागेत सभा भरली. अध्यक्षस्थानी रानडेच होते, आणि सुमारे पन्नास ग्रंथकार हजर होते. हीच आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची पहिली बैठक म्हणून आपण मोजतो.

पन्नास हा आकडा आज आपल्याला लहान वाटेल. परंतु तो काळ डोळ्यांपुढे आणावा. दख्खनमध्ये १८७६ पासून दुष्काळाने कहर केलेला. देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा लॉर्ड लिटनच्या सरकारने त्याच १८७८ च्या मार्चमध्ये केलेला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारदरबारी व्हावी हा कायदा १८६७ सालचा. त्यामुळे मराठीत किती पुस्तके निघतात हे सरकारला कळू लागले होते, पण ती घेतो कोण आणि वाचतो कोण हे लेखकालाच कळत नव्हते. लेखक आपल्या खर्चाने पुस्तक छापी, ओळखीच्यांच्या गळ्यात मारी, आणि उरलेल्या प्रती माळ्यावर टाकी. मुंबईपुण्यामधली आगगाडी बोरघाट चढून १८६३ सालीच सुरू झाली होती, तरी एका गावच्या ग्रंथकाराला दुसऱ्या गावचा ग्रंथकार नावापलीकडे ठाऊक नसे. अशा वेळी पन्नास माणसांनी मे महिन्याच्या उन्हात एका ठिकाणी येऊन बसावे, ही लहान गोष्ट नव्हती. आपण एकटे नाही, एवढे तरी प्रत्येकाला त्या संध्याकाळी कळले असेल.

दुसरी सभा सात वर्षांनी, २४ मे १८८५ रोजी, पुण्यासच भरली. अध्यक्ष कृष्णशास्त्री राजवाडे. आणि ह्या दुसऱ्या सभेच्या वेळीच दाराचा प्रश्न उपस्थित झाला. तो उपस्थित करणारा माणूस दारात उभा राहून आत येऊ द्या म्हणत नव्हता. त्याला निमंत्रण होते आणि त्याने ते नाकारले.

हे गृहस्थ म्हणजे जोतीराव फुले. १८८५ साली ते नवखे लेखक मुळीच नव्हते. छत्रपती शिवाजीराजांवरचा पवाडा १८६९ साली, 'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध झालेली, 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून झालेला. परंतु त्यांच्या नकाराचे मूळ शोधायचे तर तीस वर्षे मागे जावे लागते, जेव्हा ते खरोखरच नवखे होते. १८५५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. ही कमिटी म्हणजे त्या काळच्या होतकरू मराठी लेखकाचे एकमेव सरकारी दार. पेशवाईपासून विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही भाग मराठी पुस्तकांना बक्षिसे देण्यासाठी वळवण्यात आला होता, आणि त्याचा विनियोग ती करी. नाटक नामंजूर झाले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे चालले नाही, असे फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त नमूद करून ठेवले आहे. ते नाटक छापून वाचकांपुढे यायला १९७९ साल उजाडावे लागले. एकशे चोवीस वर्षे!

मध्यंतरी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त फुल्यांच्या पुस्तकांवर लिहिताना त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची यथेच्छ टवाळी केली होती. शास्त्रीबोवांचे गद्य आम्ही शिरोधार्य मानतो. परंतु जे गद्य दार उघडू शकते तेच दार लावूनही घेऊ शकते, याचा हा दाखला आहे.

तेव्हा १८८५ साली रानड्यांचे निमंत्रण आले त्यावेळी फुल्यांनी पत्राने कळवले की ते येणार नाहीत. हे पत्र ११ जून १८८५ च्या 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाले. जे लोक इतरांचे मानवी हक्क मोकळ्या मनाने मान्य करत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसणार नाही, आमचा मार्ग आम्हीच शोधू, असा त्याचा रोख. पत्राची भाषा कडक आहे, आणि ती तशी का आहे हे १८५५ सालचे नाकारलेले नाटक आठवले म्हणजे वेगळे सांगावे लागत नाही. एवढे लिहून फुले थांबले नाहीत. त्याच जून महिन्यात त्यांनी 'सत्सार' हे छोटे पुस्तक काढले, आणि त्याच्या दुसऱ्या अंकात ताराबाई शिंदे यांची बाजू घेतली. ताराबाईंचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली प्रसिद्ध झाले होते. ते त्यांचे पहिले पुस्तक. आणि शेवटचेही तेच ठरले. म्हणजे ज्या गृहस्थाने मोठ्या सभेचे निमंत्रण परत केले, त्यानेच एका नवख्या लेखिकेसाठी आपल्या घरचे दार उघडे ठेवले होते. सभा आणि दार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे प्रथम ध्यानात येते.

आता आपण वीस वर्षे पुढे जाऊ. तिसरे ग्रंथकार संमेलन साताऱ्यास १९०५ साली झाले. चौथे १९०६ च्या मेमध्ये पुण्यास, आणि त्यातूनच २७ मे १९०६ रोजी महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली. गद्याचे घर असे बांधले गेले. परंतु कवींचे काय? केशवसुत नोव्हेंबर १९०५ मध्ये हुबळीला वारले. हयातीत त्यांच्या कवितेचे पुस्तक निघाले नाही. ते पुढे हरिभाऊ आपट्यांनी काढले. नवी कविता मासिकांच्या पानांवर विखुरलेली होती, तिचे कर्ते गावोगाव पसरलेले होते, आणि टीकाकारांना ती पोरखेळ वाटत होती. अशा वेळी १९०७ साली कवींचे पहिले संमेलन भरले, आणि ते पुण्यामुंबईस न भरता जळगावास भरले.

जळगाव का, असे कोणी विचारील. खानदेशचे दोन जिल्हे नुकतेच १९०६ साली झाले होते, आणि पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव झाले होते. मुंबईहून येणारी मोठी रेल्वे आणि सुरतेहून येणारी ताप्ती खोऱ्याची रेल्वे येथे मिळत. कापसाच्या जिनांनी गावात पैसा खेळू लागला होता. कचेऱ्या आल्या, वकील आले, शिक्षक आले; आणि जेथे वकील व शिक्षक जमतात तेथे सभा भरण्यास वेळ लागत नाही, हे आपण आपल्या गावातही पाहतो.

अध्यक्ष होते डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे गृहस्थ सैन्यात लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्याला पोचलेले शल्यवैद्य आणि नाणावलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर त्यांनी मेजर बसूंबरोबर रचलेला मोठा ग्रंथ १९१८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, बाहेर आला आणि अजूनही त्याचा हवाला दिला जातो. अशा माणसापुढे एक मुलगा कविता म्हणावयास उभा राहिला. त्याचे नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. जन्म १३ ऑगस्ट १८९०, खानदेशातल्या धरणगावचा. म्हणजे वय सोळा-सतरा. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे बालपण बदल्यांच्या गावी गेलेले, आणि शाळेतली प्रगती बेताची. मोठ्या कवींच्या मेळाव्यात येण्याची ही त्याची पहिलीच खेप.

मुलाने कविता म्हटली. अध्यक्षांनी ती ऐकली आणि त्याला 'बालकवी' ह्या नावाने गौरविले. हकीकत एवढीच आहे. पण ती जरा थांबून पाहण्यासारखी आहे. आयुष्यभर पाने, फुले, साली आणि मुळे पारखण्यात ज्याचे डोळे तयार झाले होते, त्याने पुढे 'फुलराणी' आणि 'औदुंबर' लिहिणारा मुलगा कळीतच ओळखला. ओळखण्यासाठी नुसती सहानुभूती पुरत नाही; पारख लागते. आणि दुसरे, अध्यक्षांनी त्याला पदक किंवा पैसे दिले असते तर ते संपले असते. त्यांनी दिले ते नाव. आज ठोंबरे म्हटले तर आपल्यापैकी निम्म्यांना विचार करावा लागेल. बालकवी म्हटले की शाळेतल्या पोरालाही कळते.

त्या नावाने त्या मुलाचे काय झाले? ओळखी झाल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा लोभ जडला, आणि पुढे अहमदनगरास टिळकांच्या घरी ठोंबरे घरच्यासारखे राहिले. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रां'त ह्या हट्टी, हळव्या, रुसणाऱ्या तरुणाचे जे वर्णन केले आहे ते ज्याने वाचले नसेल त्याने अवश्य वाचावे. म्हणजे संमेलनाने त्याला मांडवातल्या टाळ्या दिल्या, आणि त्याहून मोठे म्हणजे रागावले तरी जेवायला वाढणारे एक घर दिले. आम्हांला आमची ती आगगाडी येथे आठवते.

परंतु नावाने पोट भरत नाही हेही खरे. शिक्षकी केली, ती जेमतेम. दारिद्र्य आणि उदासी यांनी पाठ सोडली नाही. आनंदाची गाणी लिहिणाऱ्याच्या उत्तरायुष्यातील कवितेत काळोख दाटत गेला. ५ मे १९१८ रोजी, जळगावजवळच्या भादली स्टेशनापाशी रूळ ओलांडताना मालगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. ज्या गावाने नाव दिले त्याच गावाच्या शिवेवर ते नाव मागे ठेवून माणूस गेला.

येथे आमचे व्याख्यान संपवता आले असते. नवखा कवी पहिल्या संमेलनात आला, जाणत्याने त्याला ओळखले, ही गोष्ट गोड आहे आणि खरीही आहे. पण दाराकडे पाहण्याची खोड आम्हांला स्वस्थ बसू देत नाही. १९०७ साली जळगावात कवींचे संमेलन भरले त्यावेळी त्या गावात आणखी कोण कवी होते?

एक होत्या. संमेलनाचा मांडव उभा राहिला त्याच गावात, चौधरींच्या वाड्यात, सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या एक सूनबाई राहत होत्या. माहेर जवळच्याच असोद्याचे, जन्म १८८०. तेराव्या वर्षी नथूजी चौधरी यांच्याशी लग्न होऊन त्या जळगावात आल्या होत्या. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात खपावे, जाते ओढावे, चूल पेटवावी आणि हे सर्व करताना आपल्या लेवा बोलीत ओव्या रचाव्यात, असा दिवस. त्यांचे नाव बहिणाबाई. त्यांचे चिरंजीव सोपानदेव, जे पुढे स्वतः कवी म्हणून गाजले, ते त्या १९०७ सालीच जन्मले. तीस वर्षांच्या वयात बहिणाबाईंना वैधव्य आले, आणि गाणी चालूच राहिली.

कवी म्हणून त्यांना बोलावणे जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्या कविता करतात हे गावाला ठाऊक नव्हते. किंबहुना जात्यावर म्हणतात त्याला कविता म्हणतात हेच त्या काळच्या रसिकांच्या मनात आले नसते. ती गाणी सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर यांनी ऐकता ऐकता टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे वाचून थक्क झाले, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' महाराष्ट्रापुढे आली. ज्या गावात पंचेचाळीस वर्षांपूर्वी महाराष्ट्राचे कवी गोळा झाले होते, त्या गावची सर्वांत थोर कवयित्री वहीतून बाहेर पडली ती मेल्यावर.

जळगावच्या संमेलनाला आम्ही दोष देत नाही. दारात आलेल्या मुलाला त्यांनी ओळखले, हे पुष्कळ झाले. अनेक संमेलनांना तेवढेही साधत नाही. परंतु एकाच गावातल्या ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे संमेलनाची शक्ती आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात. जो येतो त्याला संमेलन नाव देऊ शकते. जो येत नाही त्याच्यापर्यंत ते स्वतः चालत जात नाही. त्याच्यापर्यंत कोणीतरी माणूस जावा लागतो: कधी मुलगा जातो, कधी शेजारी, कधी एखादा फुले एखाद्या ताराबाईसाठी जातो. आणि काही जण असेही असतात की दार उघडे दिसत असूनही आत आपल्याला माणूस म्हणून जागा आहे की नाही, हे विचारून मगच पाऊल उचलतात. त्यांच्या विचारण्याचा राग न धरता संमेलनाने उत्तर देण्याची तयारी ठेवावी.

हे उत्तर द्यायला वेळ लागला. २ मार्च १९५८ रोजी मुंबईस दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटक होते अण्णा भाऊ साठे, ज्यांची शाळा दीडच दिवसात आटोपली होती. श्रमणाऱ्या आणि दलित माणसाच्या तळहातावर ही पृथ्वी तोलली आहे, अशा आशयाचा विचार त्यांनी तेथे मांडला. फुल्यांनी १८८५ साली आमचा मार्ग आम्ही शोधू असे म्हटले होते, तो मार्ग त्र्याहत्तर वर्षांनी मांडवापर्यंत पोचला. इकडे हिराबागेपासून चालत आलेल्या मोठ्या संमेलनाला स्त्री अध्यक्ष मिळाल्या त्या १९६१ साली, ग्वाल्हेरला: कुसुमावती देशपांडे. मधे त्र्याऐंशी वर्षे गेली होती. आणि दिल्लीला फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावे संमेलन झाले त्याच्या अध्यक्षा ताराबाई भवाळकर. जात्यावरच्या ओव्या आणि लोकपरंपरेतल्या बायकांची बोली यांच्या अभ्यासात त्यांनी हयात घालवली आहे. जळगावच्या वाड्यातले जाते असे अखेरीस मांडवात आले, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकजण लेखक नाहीत, आणि हे सारे आम्हांला कशाला सांगता असे आपण म्हणाल. उत्तर सोपे आहे. हिराबागेत जमलेल्या पन्नास जणांची अडचण मुख्यतः वाचक नसण्याची होती. ती फक्त आपल्यासारख्यांनाच दूर करता येते. आणि कीर्तिकर काही व्यवसायाने कवी नव्हते, ते डॉक्टर होते. सोपानदेवांनी आईची गाणी टिपली ती कानावर पडली म्हणून. ऐकणे हे काम लेखकाचे नाही, आपले आहे.

पुढच्या वर्षी जवळपास कोठे संमेलन भरले तर अवश्य जावे. व्याख्याने ऐकावीत, पुस्तके विकत घ्यावीत, आणि मांडवात शेजारच्या माणसाच्या पिशवीत वही दिसली तर ती मागून घ्यावी. घरी परत आल्यावर स्वयंपाकघरातून गुणगुणणे ऐकू आले तर क्षणभर पंखा बंद करून ऐकावे. बालकवी संमेलनाला आपण होऊन येतात. बहिणाबाईंना मात्र घरातच ओळखावे लागते.